भोंग्यानंतरची पंधरा मिनिटं

कारखान्याच्या फुटबॉल संघात काय कमी आहे हे सांगणाऱ्यांची कारखान्यात अजिबात कमी नव्हती. रंग खात्यातले म्हणत, पुढच्या फळीत दम नाही. सुकवण खात्यातले म्हणत, मधली फळी झोपा काढते. कँटीनचा आचारी म्हणे, पोरं पोटभर जेवत नाहीत, आणि असं म्हणताना स्वतःचाच अपमान झाल्यासारखा बघे. क्लबचे सेक्रेटरी एरवी तयार कापडाचे गठ्ठे बाहेर धाडणाऱ्या खात्याचे साहेब होते; ते तर दर सोमवारी नवं कारण घेऊन येत. एकदा म्हणाले बूट. एकदा म्हणाले गवत. एकदा म्हणाले, आपल्या जर्सीचा निळा रंग फार शांत आहे. हे त्यांनी कापड रंगवणाऱ्या कारखान्यात, रंग खात्याच्या दारात उभं राहून म्हटलं, म्हणजे माणसाच्या धाडसाची कल्पना करा.

संघ तगडा होता याबद्दल मात्र कोणाचं दुमत नव्हतं. गोलकीपरला सगळे 'भिंत' म्हणत, ते उगाच नाही. कर्णधाराच्या पायात चेंडू आला की तो काढून घेणं म्हणजे लहान मुलाच्या हातून खेळणं काढून घेण्याइतकं अवघड. तरीही सहा वर्षं लीगमध्ये कारखाना कधी तिसरा, कधी चौथा. वरच्या गटात जायला पहिल्या दोघांत यावं लागतं. तिसऱ्याला लोक पाठीवर थाप मारतात आणि घरी पाठवतात.

या सगळ्या तज्ज्ञांमध्ये एक माणूस गप्प बसायचा. ते म्हणजे भोंगेकाका.

काका बॉयलरवर होते. कारखान्याचा वाफेचा भोंगा त्यांच्या हातात. सकाळी नऊ, दुपारी एक, दीड आणि संध्याकाळी सहा, असा चार वेळा ते साखळी ओढत आणि आख्ख्या वस्तीची घड्याळं त्यावर लागत. सत्तावीस वर्षांत भोंगा एकदाही मिनिटभर इकडे-तिकडे झाला नव्हता. काकांना एकदा ताप चढला होता तेव्हाही ते ब्लँकेट गुंडाळून आले, साखळी ओढली आणि परत जाऊन झोपले. साखळी ओढण्याआधी ते दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालत, कारण तो आवाज छपरावरून निघायचा आणि छप्पर काकांच्या डोक्यावरच होतं. सहाचा भोंगा झाला की सगळ्यांचं काम संपायचं आणि काकांचं सुरू व्हायचं. भट्टीची आग कमी करायची, पाण्याची पातळी बघायची, वाफेचे तीन व्हॉल्व्ह एकामागून एक बंद करायचे, दाब वहीत लिहायचा. वीस मिनिटं जायची. मग काका फाटकातून बाहेर पडायचे, सगळ्यांत शेवटी.

काका गप्प बसायचे त्याला कारण होतं. या वर्षी संघाची कोच त्यांची मुलगी होती.

मुलगी शाळेत खेळाची शिक्षिका. स्वतः बारा वर्षं खेळलेली, गुडघा दुखावला म्हणून थांबलेली. जुने कोच बदली होऊन गेले तेव्हा खेळाडूंनीच तिचं नाव पुढे केलं. सेक्रेटरींनी आधी हसून घेतलं, मग डोकं खाजवलं आणि शेवटी म्हणाले, "ठीक आहे मॅडम, एक सीझन घ्या. पहिल्या दोघांत आलात तर टीम तुमची. नाही आलात तर पुढच्या वर्षी माझा मेव्हणा बघेल." मेव्हण्याची फुटबॉलमधली कामगिरी एवढीच की त्याच्याकडे एक शिट्टी होती. पण सेक्रेटरींच्या घरात त्या शिट्टीला वजन होतं.

पोरीने संघाला असं काही कामाला लावलं की पहिल्या महिन्यात दोघांनी जिने चढणं सोडून दिलं. पाहुणे म्हणून दुसऱ्यांच्या मैदानावर गेले की जिंकूनच येऊ लागले. घरच्या मैदानावर मात्र जुनंच रडगाणं. शनिवारी साडेचारला सामना सुरू व्हायचा, पाऊण-एक तासात कारखाना आघाडीवर असायचा, आणि संपता संपता हातातोंडाशी आलेला घास कोणीतरी काढून न्यायचं.

काकांना हे ऐकूनच माहीत होतं. शनिवारी कारखान्याचे अर्धे विभाग बंद असत, म्हणून खेळणारेही मोकळे आणि बघणारेही. बॉयलर मात्र चालू. काकांचा कामावरचा जोडीदार साडेचारपासून बॉयलरजवळ बसायचा आणि म्हणायचा, "जा, पोरीचा सामना बघून या." काका जायचेही, फाटकासमोरच तर मैदान. पण पावणेसहा वाजले की उठायचे. सहाची साखळी दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे त्यांच्या लेखी स्वतःची सही दुसऱ्याला करू देणं. त्यामुळे सत्तावीस वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. ते उठायचे तेव्हा कारखाना जिंकत असायचा. सव्वासहानंतर बाहेर यायचे तेव्हा वॉचमन स्टुलावर बसून मान हलवत असायचा.

पाचव्या घरच्या सामन्यानंतर मुलगी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसली. वाटी बाजूला सरकवून तिने पान काकांसमोर धरलं.

"हे बघा बाबा. बाहेरच्या मैदानांवर आपण सगळे मिळून तीन गोल खाल्लेत. घरी अकरा. आणि त्या अकरातले नऊ शेवटच्या पंधरा मिनिटांत."

"दमत असतील."

"बाहेर का दमत नाहीत मग? तिथे तर बसच्या प्रवासानंतर खेळतात."

"मग?"

"मग काय, तेच तर कळत नाहीये." तिने कपाळाला हात लावला. "सेक्रेटरी म्हणतात, घरच्या लोकांसमोर दडपण येतं. दडपण कसलं? बघायला येतं कोण, तर हेच रोज शेजारी उभे राहून काम करणारे. मला दुसरी काही उणीव दिसली असती ना, तर मी रात्रंदिवस घोटून घेतली असती. दिसतच नाही."

तिचा चेहरा साफ पडला होता. लहानपणी खेळताना पडली तरी न रडणारी पोर. ही टीम तिच्या हातून गेली तर ती काही बोलणार नाही, शाळेत जाईल, येईल, आणि आतल्या आत झुरत राहील, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी बॉयलरखान्याच्या दारात आले. आत यायला घाबरत, कारण एकदा त्यांनी इथे कुठल्याशा चाकाला हात लावला होता आणि काकांनी त्यांना साहेबपणाची पर्वा न करता झापलं होतं.

"काका, राग मानू नका," ते म्हणाले, "पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का? तुम्ही मैदानातून उठता आणि आपण बुडतो. दर वेळी. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. पायगुण म्हणतात."

एरवी काकांनी त्यांना पाण्याच्या पाइपने भिजवलं असतं. पण पोरीचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर होता. त्या शनिवारी त्यांनी जे केलं त्यावर वस्तीतल्या कोणाचाही विश्वास बसला नसता. पावणेसहा वाजले आणि काका उठले नाहीत. जोडीदाराला त्यांनी दुपारीच साखळी कशी धरायची, किती ओढायची, कधी सोडायची हे तीन वेळा समजावून सांगितलं होतं. जोडीदार अठरा वर्षं तिथेच बसून ते बघत होता, पण त्याने शहाण्यासारखं तिन्ही वेळा ऐकून घेतलं.

कारखाना दोन–शून्यने पुढे होता. काकांचं लक्ष मैदानावर कमी आणि मनगटावर जास्त होतं. सहा वाजले. भोंगा नाही. सहा वाजून दहा सेकंद. वीस. काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तीस. चाळीस सेकंद झाले तेव्हा भोंगा वाजला, आणि काका संतापून ताडकन उभे राहिले.

उभे राहिले म्हणून त्यांना ते दिसलं.

भोंगा वाजला आणि गोलमध्ये उभ्या असलेल्या भिंतीने डाव्या हाताचा मोजा बोटांच्या टोकांना धरून ओढायला सुरुवात केली. भिंत रंग खात्यात हौदावर काम करायचा, कोपरापर्यंतचे रबरी मोजे घालून, आणि भोंगा झाला की पहिलं काम म्हणजे मोजे काढणं. डावीकडचा बचाव खेळाडू हातगाडी ढकलणारा. तो थांबला, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकला, आणि हुश्श केलं. कर्णधाराने जर्सीच्या टोकाने मान पुसली. पुढच्या फळीतला स्टोअरकीपर खिशात किल्ल्या आहेत का चाचपू लागला, आणि त्याच्या चड्डीला खिसेच नव्हते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. पण अकराच्या अकरा जणांचे खांदे एकदम खाली आले ते परत वर गेले नाहीत. एकदा शरीर घरी निघालं की त्याला परत बोलावणं सोपं नसतं. समोरच्या संघाला हे व्यवस्थित ठाऊक होतं. त्यांनी चेंडू सरळ भिंतीच्या उघड्या डाव्या हाताच्या बाजूने आत मारला.

काका ओरडणार होते, "अरे, बघताय काय!" पण त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मैदानाभोवतीची दीड-दोनशे माणसं एकाच वेळी वाकून पायाजवळची पिशवी उचलत होती. पिशव्या कोणाकडेच नव्हत्या. सेक्रेटरींनी टेबलावरचे कागद गोळा करावेत तसे हात फिरवले आणि समोर टेबल नाही म्हणून ते मांडीवर ठेवले. सगळेच तेच करण्यात गुंतलेले, मग दुसऱ्याचं बघणार कोण? सत्तावीस वर्षं भोंग्याच्या अलीकडे, कानांत कापूस घालून उभा राहणारा एकच माणूस होता, आणि आज तो पहिल्यांदा पलीकडे आला होता.

मग त्यांनी रेषेजवळ उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. ती मैदानाकडे पाठ करून कारखान्याच्या फाटकाकडे बघत होती.

सामना दोन–दोन सुटला.

त्या रात्री जेवताना काकांनी पहिल्यांदा जोडीदाराच्या चाळीस सेकंदांबद्दल भरपूर बोलून घेतलं. ते बाहेर पडल्याशिवाय त्यांना पुढचं बोलता येईना. मग सगळं सांगितलं. मोजे, किल्ल्या, पिशव्या. मुलगी आधी हसली, मग हसायची थांबली, मग तिने वही काढून पाचही जुन्या सामन्यांतल्या गोलांच्या वेळा बघितल्या. सहा वाजून एक. सहा दोन. सहा चार.

"मी काय म्हणते," काकांची बायको वाढता वाढता म्हणाली, "यात एवढं नवल काय आहे? सहाचा भोंगा झाला की माझा हात आपोआप चहाच्या भांड्याकडे जातो. रविवारी भोंगा नसतो, तर साडेसातपर्यंत मला चहाची आठवण नसते. तुम्ही दोघं चिडचिड करता आणि मला वाटतं, यांना आज झालंय काय!"

"म्हणजे रविवारचा चहा भोंग्यामुळे उशिरा होतो?" काकांनी विचारलं.

"मग काय माझ्यामुळे?"

मुलगी वही मिटून म्हणाली, "सहा वर्षं आपण नवा स्ट्रायकर शोधतोय."

"नुसते ते अकरा जणच नाहीत," काका म्हणाले. हे बोलावं की नाही असं त्यांना झालं होतं. "बारावी तूपण. भोंगा वाजला आणि तू फाटकाकडे बघितलंस. गोल झाला तेव्हा तुझी पाठ होती."

ती नखाने टेबलावरचा डाग खरवडू लागली.

"मला माहीतही नाही मी बघते ते," ती म्हणाली. "लहानपणी आई मला घेऊन फाटकासमोर उभी राहायची ना. भोंगा झाला की सगळ्यांचे बाबा यायचे. भराभर. एकेक पोर आपापल्या बाबांचं बोट धरून जायचं. तुम्ही सगळ्यांत शेवटी. म्हणून मला जास्त वेळ बघायला लागायचं. दर वेळी वाटायचं, आज नाही येणार."

काकांना एकाच वेळी फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं. व्हॉल्व्ह बंद करायला वीस मिनिटं लागतात, हे त्यांनी तिला कधी समजावून सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"झालं तर मग," ते म्हणाले. "शेवटच्या सामन्याला भोंगा वाजणार नाही. मी नाही वाजवत. करू देत मॅनेजरला काय करायचं ते."

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. सत्तावीस वर्षांत या घरात असं वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

"नाही बाबा," मुलगी म्हणाली. "वरच्या गटात गेलो तरी मैदान इथेच राहणार आणि कारखानाही इथेच. दर शनिवारी तुम्ही साखळी सोडून बसणार का? संघाला सुधारायचं आहे, भोंग्याला नाही. तुम्ही वाजवायचा. आणि चाळीस सेकंद उशिरा नको, सहाच्या ठोक्याला."

शेवटच्या सामन्याला तीन आठवडे होते. मुलीने एका सकाळी नऊचा भोंगा फोनवर रेकॉर्ड केला आणि शाळेतला स्पीकर मैदानावर आणला. काकांनी तो ऐकला आणि नाक मुरडलं. "याला पोट नाही," ते म्हणाले. पण पोरांना तेवढा पुरला. सराव चालू असताना, कधी पाचव्या मिनिटाला, कधी पन्नासाव्या, ती बटण दाबायची. पहिल्या दिवशी भिंतीने दोन्ही मोजे काढून गवतावर ठेवले आणि मग स्वतःकडेच बघून ओरडला. दुसऱ्या दिवशी तिने त्याचे मोजे नाडीने मनगटाला बांधले, चांगल्या दोन गाठी मारून. भोंगा वाजला की पुढची पाच मिनिटं खेळ दुप्पट वेगाने, असा तिचा नियम. जो थांबेल त्याने मैदानाला एक चक्कर. स्टोअरकीपरने त्या आठवड्यात इतक्या चकरा मारल्या की घरी जाऊन त्याने किल्ल्यांचा जुडगाच बायकोकडे देऊन टाकला.

आजूबाजूला गोंधळ उडाला तो वेगळाच. कँटीनच्या आचाऱ्याने एकदा भाजी चुलीवर असतानाच भांडी घासायला टाकली. वॉचमनने एकदा फाटक सताड उघडलं आणि बाहेर कोणी आलं नाही म्हणून आत डोकावून बघितलं.

आणि दर संध्याकाळी काका स्वतःचं काम संपवून फाटकापाशी येऊन उभे राहायचे. हा त्यांच्या दोघांतला सराव. स्पीकर वाजला की काका हात वर करून मोठ्याने हाक मारायचे, "बाळ!" आणि तिने वळायचं नाही. पहिल्या बारा वेळांत ती नऊदा वळली. वळली की तिलाही चक्कर. कोच मैदानाला चकरा मारतेय आणि भिंत टाळ्या वाजवतोय, हे दृश्य बघायला लोक मुद्दाम थांबू लागले. दुसऱ्या आठवड्यात ती बारापैकी पाचदा वळली. तिसऱ्या आठवड्यात दोनदा.

"दोनदा म्हणजे अजून वळतेस," काका म्हणाले.

"तुम्ही हाक मारूच नका ना इतक्या मायेने," ती म्हणाली.

मधले दोन सामने बाहेरच्या मैदानांवर होते, ते जिंकले. शेवटचा घरी, छापखान्याच्या संघाशी. छापखाना दुसरा, कारखाना तिसरा, मध्ये एका गुणाचं अंतर. जिंकलं तर वर, बरोबरी झाली तरी तिसरेच. सेक्रेटरी मेव्हण्याला घेऊन आले होते. मेव्हण्याच्या गळ्यात शिट्टी होती.

पावणेसहाला काका उठले तेव्हा कारखाना एक–शून्यने पुढे होता. मुलगी रेषेजवळ उभी होती. तिच्या मागून जाताना ते थांबले.

"जातो."

"सहाच्या ठोक्याला," ती मैदानावरची नजर न काढता म्हणाली.

बॉयलरखान्यात जोडीदाराने खुर्ची सोडली आणि बाजूला झाला. काकांनी कानांत कापूस घातला. घड्याळाचा काटा वर चढत होता. साखळीचा हातात पडणारा गारवा सत्तावीस वर्षांचा ओळखीचा. हाच आवाज आपण सहा वर्षं आपल्याच माणसांच्या पायांत टाकत होतो, आणि आता तो आपल्याच पोरीच्या पाठीवर टाकायचा. क्षणभर वाटलं, नकोच. मग वाटलं, तिने सांगितलंय. आणि सहा वाजले. काकांनी साखळी ओढली, नेहमीसारखी, पूर्ण दहा सेकंद. अर्धा सेकंदही कमी नाही.

मग त्यांनी भट्टीची आग कमी केली. पाण्याची पातळी पाहिली. पहिला व्हॉल्व्ह. बाहेरून काहीतरी आरडाओरडा आल्यासारखं वाटलं, पण कानांत कापूस होता आणि ओरडतंय कोण ते कळायला मार्ग नव्हता. दुसरा व्हॉल्व्ह. जोडीदार म्हणाला, "मी करतो, तुम्ही पळा." काकांनी मान हलवली. तिसरा व्हॉल्व्ह. वहीत दाब लिहिताना आकडा चुकला आणि दोनदा लिहावा लागला. वीस मिनिटांचं काम त्यांनी वीस मिनिटांतच केलं. मग मात्र ते फाटकापर्यंत जे धावले, ते बघून आवारातलं कुत्रं उठून बाजूला झालं.

मैदानावर माणसांची एकच गर्दी उसळलेली. काही दिसेना. फाटकापाशी वॉचमन स्टुलावर उभा, दोन्ही हात हवेत.

"काका! अहो काका, ऐका..."

"थांब!" काकांनी कानातले बोळे काढून फेकले. "काही सांगू नकोस. आधी सांग, वळली का?"

"कोण वळली?"

"पोरगी! भोंगा झाला तेव्हा. फाटकाकडे वळून बघितलं का तिने?"

वॉचमनला आधी कळेना. मग तो विचारात पडला. "नाही ब्वा," तो म्हणाला. "मी सवयीने हात केला नेहमीसारखा. ती दर शनिवारी बघते ना, म्हणून मीही करतो. पण आज बघितलंच नाही तिने. मी दोनदा हात केला. पाठच होती. मला तर जरा रागच आला. पण ते सोडा, स्कोअर..."

काका त्याच स्टुलाच्या पायाला धरून खाली बसले. इतकी वर्षं ज्या पोरीने आपली वाट बघितली, तिने आज एकदाही वळून बघितलं नाही, आणि याहून मोठा आनंद आयुष्यात झाल्याचं त्यांना आठवेना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. वॉचमन घाबरून पाण्याची बाटली शोधू लागला.

गर्दीतून वाट काढत ती आली. केस विस्कटलेले, आवाज बसलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. मागून सेक्रेटरी येत होते, त्यांच्यामागे मेव्हणा. शिट्टी आता त्याने खिशात टाकली होती.

"बाबा!" ती लांबूनच ओरडली. "बाबा, मी वळले नाही!"

"अगं, स्कोअर सांग, स्कोअर!" काका ओरडले.

"दोन–शून्य! भोंगा वाजत असतानाच दुसरा मारला. छापखानेवाले आपले खांदे पडायची वाट बघत थांबले आणि तेवढ्यात कर्णधार पुढे गेलासुद्धा!"

तिने त्यांना हात देऊन उठवलं. मग इतक्या लोकांसमोर, सेक्रेटरींसमोर, मेव्हण्यासमोर, कोच मॅडमने वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काकांच्या हाताला बॉयलरची काजळी होती, ती तिच्या निळ्या जर्सीवर पाठभर लागली.

मागे गोलपाशी भिंत एकटाच उभा होता आणि दोन्ही हात वर करून मदतीसाठी हाका मारत होता. मनगटावरच्या गाठी इतक्या पक्क्या बसल्या होत्या की आता भोंगा होऊन अर्धा तास झाला तरी त्याला मोजे काढता येत नव्हते.